श्रेय अणुबॉम्बचे नाही

अमेरिका आणि रशिया यांच्यात उरलेला शेवटचा अण्वस्त्रमर्यादा करार म्हणजे ‘न्यू स्टार्ट’. त्याची मुदत 5 फेब्रुवारी 2026 पर्यंतच होती आणि ती पुन्हा वाढवण्याची सोय करारात ठेवलेलीच नव्हती. या निमित्ताने शीतयुद्धाचा विषय आपल्याकडे पुन्हा चर्चेत आला हे चांगलेच झाले. पण ही चर्चा ज्या रीतीने चालली आहे ती पाहून स्वस्थ बसवत नाही. एक बाजू म्हणते, करार गेला तर गेला, त्याने काय बिघडते? 1945 नंतर तिसरे महायुद्ध झाले नाही ते अणुबॉम्बमुळे. दोघांकडेही बॉम्ब आहेत तोवर कोणी आगळीक करणार नाही. दुसरी बाजू म्हणते, दोन्ही महासत्ता सारख्याच मग्रूर आणि सारख्याच ढोंगी, त्यांचे करार म्हणजे जगाच्या डोळ्यांत केलेली धूळफेक, मग त्यांच्यासाठी हळहळायचे कशाला? वरवर पाहता ही दोन टोके आहेत. प्रत्यक्षात दोघांचे एका गोष्टीवर एकमत आहे, आणि ती गोष्ट म्हणजे करार, वाटाघाटी, तपासण्या या सगळ्याला फारसा अर्थ नव्हता. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. शीतयुद्धाचे अणुयुद्ध झाले नाही याचे श्रेय अणुबॉम्बला देता येत नाही. बॉम्बने त्या दोघांना वारंवार कड्याच्या टोकावर नेले. तिथून मागे आणले ते बॉम्बवर विसंबून राहण्यातला धोका वेळेत ओळखणाऱ्या माणसांनी, त्यांनी शत्रूशी चिकाटीने केलेल्या बोलण्यांनी, आणि मान्य करायला जड जात असले तरी, बऱ्याच अंशी नशिबाने.

पहिल्या बाजूचा मुद्दा कच्चा समजून उडवून लावणे मात्र चूक ठरेल. 1914 ते 1945 या 31 वर्षांत युरोपातील बड्या राष्ट्रांनी जगाला दोनदा महायुद्धात लोटले. त्यानंतर परस्परांची समाजव्यवस्थाच मुळापासून चूक मानणाऱ्या आणि जर्मनीच्या मधोमध समोरासमोर फौजा उभ्या करणाऱ्या दोन सत्ता चार दशकांहून अधिक काळ एकमेकींशी थेट लढल्या नाहीत. ऑक्टोबर 1961 मध्ये बर्लिनच्या चेकपॉइंट चार्ली नाक्यावर अमेरिकी आणि सोव्हिएत रणगाडे हाकेच्या अंतरावरून एकमेकांवर तोफा रोखून रात्रभर उभे होते. दुसऱ्या दिवशी आधी एक सोव्हिएत रणगाडा, मग एक अमेरिकी, असे करत दोन्ही बाजू मागे सरकल्या. या संयमामागे अणुयुद्धाची भीती नव्हतीच, असे कोण म्हणेल? सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह असोत वा अमेरिकी अध्यक्ष केनेडी, तो हिशेब डोक्यात ठेवूनच दोघेही पावले टाकत होते. शिवाय या बाजूपाशी आजचे एक बोचरे उदाहरण आहे. युक्रेनने 5 डिसेंबर 1994 रोजी बुडापेस्टमध्ये मिळालेल्या आश्वासनांच्या बदल्यात आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रे सोडून दिली. 2014 मध्ये त्याला क्रिमिया गमवावा लागला आणि 2022 मध्ये उघड आक्रमण सोसावे लागले. या दोन्ही गोष्टींना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पहिली अडचण कार्यकारणभावाची आहे. बॉम्ब होते आणि महायुद्ध झाले नाही, म्हणून बॉम्बमुळे महायुद्ध झाले नाही, हे अनुमान कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी त्या जातीचे आहे. 1945 नंतर लढाई नको वाटायला इतर कारणे थोडी नव्हती. सोव्हिएत संघाने दुसऱ्या महायुद्धात सुमारे 2 कोटी 70 लाख माणसे गमावली होती. ज्या घरात कोणी ना कोणी गेले नाही असे घर तिथे सापडणे कठीण होते. युरोपची झालेली वाटणी दोघांनाही, कुरकुरत का होईना, पत्करण्याजोगी होती. आणि काळाचा दाखला द्यायचाच तर तो दुसऱ्या बाजूनेही देता येतो. 1871 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध संपले. तेव्हापासून 1914 पर्यंत, म्हणजे 43 वर्षे, युरोपातील बडी राष्ट्रे आपल्या खंडात एकमेकांशी लढली नाहीत. बर्लिनची भिंत पडेपर्यंतचा शीतयुद्धाचा काळही जवळजवळ तेवढाच. जून 1914 मध्ये एखाद्याने लिहिले असते की नव्या तोफांनी, अवाढव्य सैन्यांनी आणि गुंतलेल्या व्यापाराने मोठे युद्ध अशक्य करून टाकले आहे, तर त्याच्यापाशीही चार दशकांचा पुरावा असता. पुढे काय झाले ते आपण जाणतो. 1 ऑगस्ट 1914 रोजी कैसर विल्हेल्म यांना क्षणभर वाटले की फ्रान्सला बाजूला ठेवून फक्त रशियाशी लढता येईल, आणि त्यांनी सेनाप्रमुख मोल्टके यांना सगळे सैन्य पूर्वेकडे वळवायला सांगितले. मोल्टके यांचे उत्तर होते की लाखोंच्या सैन्याचा, आगगाड्यांच्या वेळापत्रकांसह बांधलेला आराखडा ऐनवेळी बदलता येत नाही. सम्राटाच्या इच्छेपेक्षा वेळापत्रक वरचढ ठरले. जिथे सैन्य जमवायलाच कित्येक दिवस लागत होते तिथे ही गत. मग जिथे क्षेपणास्त्र अर्ध्या तासात एका खंडातून दुसऱ्या खंडात पोहोचते तिथे कोणाच्या शहाणपणाला किती अवधी मिळणार?

दुसरी अडचण अशी की बॉम्बचा धाक जिथे सर्वांत जास्त चालायला हवा होता तिथेच तो चालला नाही. जून 1948 मध्ये स्टालिन यांनी पश्चिम बर्लिनची कोंडी केली तेव्हा जगात अणुबॉम्ब फक्त अमेरिकेकडे होता. सोव्हिएत संघाची पहिली चाचणी झाली ती ऑगस्ट 1949 मध्ये. 1950 च्या अखेरीस चीनने कोरियात अमेरिकी फौजांवर चाल केली तेव्हा चीनकडे एकही अणुबॉम्ब नव्हता, आणि हिरोशिमा-नागासाकी होऊन पुरती सहा वर्षेही झाली नव्हती. 1962 मध्ये अमेरिकेपाशी 25 हजारांहून अधिक अण्वस्त्रे होती आणि सोव्हिएत संघापाशी सुमारे 3 हजार. इतक्या प्रचंड तफावतीचा धाक बसायचा असता तर ख्रुश्चेव्ह यांनी अमेरिकेच्या किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरवरच्या क्युबा बेटावर क्षेपणास्त्रे नेण्याचे धाडस केलेच नसते. उलट त्या तफावतीनेच त्यांना तो जुगार खेळायला भाग पाडले. मोठ्या साठ्याने शत्रू गप्प बसतो हे गृहीतक इथे साफ कोसळते, आणि तरीही प्रत्येक नव्या क्षेपणास्त्राच्या समर्थनासाठी तेच पुन्हा पुढे केले जाते.

क्युबाचे प्रकरण धाकवाद्यांना आपल्या यशाची खूण वाटते. केनेडी ठाम राहिले, ख्रुश्चेव्ह वरमले, जग वाचले, अशी ती कथा. पण 27 ऑक्टोबर 1962 या एका शनिवारी काय काय घडले ते नीट पाहावे. त्या दिवशी क्युबावर अमेरिकेचे यू-2 हे टेहळणी विमान पाडले गेले आणि मेजर रुडॉल्फ अँडरसन मारले गेले. ते पाडण्याचा निर्णय तिथल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांनी मॉस्कोची परवानगी न घेता दिला होता. त्याच दिवशी दुसरे एक यू-2 ध्रुवाजवळ वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि त्याच्या मागावर सोव्हिएत लढाऊ विमाने झेपावली. अमेरिकेचे सेनाप्रमुख केनेडी यांना हवाई हल्ला आणि त्यानंतर सैन्य उतरवणे हाच मार्ग सांगत होते. त्यांच्या अंदाजाने बेटावर सुमारे 10 हजार सोव्हिएत सैनिक होते. प्रत्यक्षात 40 हजारांहून अधिक होते. त्याहून भयंकर गोष्ट ही की उतरणाऱ्या फौजेवर वापरता येतील अशी लहान पल्ल्याची अण्वस्त्रेही तिथे येऊन पोहोचली होती, आणि याचा वॉशिंग्टनला पत्ताच नव्हता. त्या वेळचे अमेरिकी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांना हे कळले ते 1992 मध्ये, हवानात भरलेल्या परिषदेत. जे शस्त्र समोर आहे हेच माहीत नाही, त्याचा धाक बसणार कसा? हल्ल्याचा सल्ला मानला गेला असता तर धाकाचे सगळे गणित ज्या माहितीवर उभे होते तीच खोटी असल्याचे किनाऱ्यावर पाऊल ठेवल्यावर कळले असते.

त्याच दिवशी समुद्रातही एक प्रसंग घडला. बी-59 ही सोव्हिएत पाणबुडी अमेरिकी युद्धनौकांनी घेरली होती. उत्तरेच्या थंड समुद्रांसाठी बांधलेली ती बोट उष्ण पाण्यात दडून बसलेली. आतला उकाडा काही भागांत 45 अंशांच्या वर गेलेला, हवा कोंदलेली, बॅटऱ्या संपत आलेल्या, खलाशी चक्कर येऊन पडत होते, मॉस्कोशी संपर्क तुटलेला. पाणबुडीने वर यावे म्हणून अमेरिकी नौका सरावाचे सौम्य स्फोटगोळे टाकत होत्या. या खुणेचा अर्थ अमेरिकेने मॉस्कोला आधी कळवलेला होता. तो पाणबुडीपर्यंत पोहोचलाच नव्हता. आतल्या माणसांना वाटले, वर युद्ध पेटले. कप्तान सावित्स्की यांनी अण्वस्त्र बसवलेला टॉर्पेडो सज्ज करण्याची भाषा केली, आणि त्यांना शांत करण्यात त्या बोटीवरचे दुसरे वरिष्ठ अधिकारी वासिली अर्खिपोव्ह यांचा मोठा वाटा होता, असे सहकाऱ्यांनी पुढे सांगितले. पाणबुडी अखेर वर आली. आता या प्रसंगात अणुबॉम्बच्या धाकाने काय साधले? धाक मानायला समोरचा कोण आहे, तो काय करतो आहे, हे कळावे लागते. त्या लोखंडी नळीत काहीच कळत नव्हते. तिथे उपयोगी पडले ते एका माणसाचे डोके, आणि त्या दिवशी तो माणूस दुसऱ्या एखाद्या पाणबुडीवर असता तर काय झाले असते याचे उत्तर कोणत्याही सिद्धान्तात नाही.

पेच सुटला कसा हेही महत्त्वाचे आहे. त्या संध्याकाळी अध्यक्ष केनेडी यांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत अनातोली दोब्रिनिन यांना भेटले. क्युबावर आक्रमण न करण्याची ग्वाही द्यायची तयारी होतीच. शिवाय तुर्कस्तानातील अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे काही महिन्यांत काढून घेऊ, पण हे कुठेही जाहीर करायचे नाही, असे त्यांनी सांगितले. म्हणजे ती चक्क देवघेव होती. ती अनेक वर्षे लपवून ठेवली गेली, आणि त्या लपवाछपवीची किंमत जगाने मोजली असे मला वाटते. कारण अमेरिकेच्या एका अख्ख्या पिढीने या प्रसंगातून धडा घेतला तो ठाम राहिले की शत्रू नमतो हा. व्हिएतनाममध्ये हाच धडा गिरवला गेला. देवघेवीला शरणागती आणि हट्टाला विजय म्हणण्याची सवय तेव्हापासून जी लागली ती आजच्या वादातही दिसते.

त्या दोघा नेत्यांनी स्वतः मात्र वेगळा धडा घेतला होता. संकटाच्या ऐन भरात ख्रुश्चेव्ह यांचे एक लांबलचक पत्र वॉशिंग्टनला पूर्ण पोहोचायला सुमारे 12 तास लागले होते. दोब्रिनिन यांच्या वकिलातीतून मॉस्कोला जाणाऱ्या तारा न्यायला तार कंपनीचा एक पोऱ्या सायकलवरून येत असे, आणि तो वाटेत कुठे रेंगाळू नये एवढीच प्रार्थना राजदूतांच्या हाती होती. 28 तारखेला क्षेपणास्त्रे मागे घेण्याचा निर्णय ख्रुश्चेव्ह यांनी मॉस्को रेडिओवरून वाचून दाखवायला लावला, तो वेळ वाचावा म्हणूनच. जगाचे भवितव्य सायकलच्या वेगावर अवलंबून राहावे, हे दोघांनाही पटण्यासारखे नव्हते. 20 जून 1963 रोजी दोन राजधान्यांना थेट जोडणाऱ्या तारयंत्राचा करार झाला, आणि 5 ऑगस्टला मॉस्कोत हवेतील, पाण्याखालील व अवकाशातील अणुचाचण्या बंद करणाऱ्या करारावर सह्या झाल्या. ज्यांना बॉम्ब शांतता राखतो असे खरोखर वाटते त्यांनी या तारखांचा विचार करावा. बॉम्ब सर्वांत जवळून पाहिलेली दोन माणसे संकटातून बाहेर पडताच जर पहिले काम बॉम्बला आवर घालण्याचे करतात, तर त्यांचा बॉम्बवर किती भरवसा होता?

आता विचारसरणीकडे वळू, कारण ‘दोघे सारखेच’ म्हणणारी बाजू तिथे घसरते. दोन्ही व्यवस्था सारख्या नव्हत्या. 1956 मध्ये हंगेरीत आणि 1968 मध्ये प्रागमध्ये रणगाडे घालून लोकांचे सरकार चिरडणारी सत्ता आणि निवडणुकीने सरकार बदलू देणारी सत्ता यांना एका मापाने मोजता येत नाही. त्याच वेळी इराण, ग्वाटेमाला आणि चिलीतील लोकनियुक्त सरकारे उलथवण्यात स्वातंत्र्याच्या कैवाऱ्यांचा हात होता, हेही विसरता येत नाही. पण अणुयुद्धाच्या दृष्टीने प्रश्न कोण अधिक चांगले हा नव्हता. प्रश्न असा होता की विचारसरणीने दोघांचेही डोळे झाकले होते. समोरचा स्वभावतःच आक्रमक, आणि आपण स्वभावतःच बचाव करणारे, ही समजूत दोन्हीकडे इतकी घट्ट होती की आपले क्षेपणास्त्र शत्रूला हल्ल्याची तयारी वाटू शकेल हे कोणाच्या गावीही नव्हते. 1981 पासून सोव्हिएत गुप्तहेर संघटनेने अमेरिकेच्या अचानक अणुहल्ल्याची लक्षणे शोधण्याची मोहीम उघडली. लंडनमधील हेरांना सांगण्यात आले की सरकारी इमारतींत रात्री उशिरा किती खिडक्यांत दिवे दिसतात ते मोजा, रक्तपेढ्यांवर लक्ष ठेवा. हेरांचा स्वतःचा यावर विश्वास नव्हता. पण वरून मागणी होती म्हणून ते आकडे पाठवत राहिले, आणि त्या आकड्यांनी वरच्यांची भीती आणखी वाढवली. एखादी सत्ता आपल्याच भीतीचा प्रतिध्वनी ऐकून पुरावा मिळाला असे समजू लागते, तेव्हा समतोल कसला आणि कोणाचा?

सप्टेंबर 1983 मध्ये या भीतीने टोक गाठले होते. 1 तारखेला सोव्हिएत विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडले आणि 269 माणसे गेली. त्याच महिन्याच्या 26 तारखेला, मध्यरात्र उलटल्यावर, मॉस्कोजवळच्या सेर्पुखोव्ह-15 या केंद्रात उपग्रहांद्वारे नजर ठेवणाऱ्या यंत्रणेने अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र सुटल्याची, मग आणखी चार सुटल्याची सूचना दिली. कामावर होते लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह. हल्ला करायचाच तर कोणी पाच क्षेपणास्त्रांनी सुरुवात करणार नाही, यंत्रणा नवी आहे, आणि जमिनीवरचे रडार काही दाखवत नाही, असा विचार करून त्यांनी वर कळवले की ही यंत्राची चूक आहे. चूक होतीच, उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. अमेरिकेकडेही असे घडले होते. 9 नोव्हेंबर 1979 रोजी हवाई संरक्षण केंद्राच्या संगणकात सरावासाठीची टेप खऱ्या हल्ल्यासारखी झळकली, आणि 3 जून 1980 रोजी एका बिघडलेल्या चिपने हजारो क्षेपणास्त्रे येत असल्याचा इशारा दिला. धाकाचा सिद्धान्त गृहीत धरतो की निर्णय घेणारा जागा आहे, शांत आहे, त्याच्यापुढची माहिती खरी आहे आणि विचाराला वेळ आहे. या प्रसंगांत यांपैकी एखादी तरी अट कोसळलेली होती. आपण वाचलो, ही गोष्ट पद्धत सुरक्षित असल्याचा पुरावा मानायची का?

आणि ती शांतता तरी कोणाची होती? कोरिया, व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान इथल्या माणसांना ती कधी भेटलीच नाही. आपणही तिची झळ सोसली आहे. क्युबाचा पेच आणि चीनचे आक्रमण एकाच आठवड्यात आले; 20 ऑक्टोबर 1962 रोजी चिनी फौजा हिमालय ओलांडून उतरल्या, आणि ज्या मॉस्कोकडे भारत मित्र म्हणून पाहत होता त्याच्या ‘प्रावदा’ या पक्षाच्या वृत्तपत्राने 25 ऑक्टोबरला चीनच्या प्रस्तावांची बाजू घेतली, कारण क्युबाच्या ऐन पेचात चीनला दुखावणे ख्रुश्चेव्ह यांना परवडणारे नव्हते. पुढे नोव्हेंबरात सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला तो या पराभवाच्या सावटातच. 1971 च्या डिसेंबरात अमेरिकेची विमानवाहू ‘एंटरप्राइज’ बंगालच्या उपसागरात आली, तीही पूर्व बंगालमधील कत्तलीचा प्रश्न वॉशिंग्टनने मॉस्कोशी चाललेल्या शर्यतीच्या चष्म्यातून पाहिला म्हणून. हे सारे ठाऊक असूनही ‘त्यांचे करार म्हणजे त्यांचा खेळ’ असे म्हणणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. 1954 च्या मार्चमध्ये बिकिनी बेटावरच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवरच्या 23 जणांवर पडली, तेव्हा 2 एप्रिलला लोकसभेत नेहरूंनी अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली होती. 1963 च्या करारापर्यंत पोहोचायला नऊ वर्षे लागली. पण त्या मागणीच्या पाठीशी जगातील अण्वस्त्रहीन देशांचा आवाज होता आणि तो दोन्ही राजधान्यांत ऐकू जात होता. महासत्तांना करार करायला लावणे हे आपलेही काम आहे, असे तेव्हाच्या दिल्लीला वाटत होते. आजच्या दिल्लीनेही ते उघडपणे म्हणायला हवे.

करार म्हणजे धूळफेक, या आक्षेपात तथ्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जैविक अस्त्रांवर बंदी घालणाऱ्या 1972 च्या करारावर सही करूनही सोव्हिएत संघाने अशा अस्त्रांचा प्रचंड गुप्त कार्यक्रम चालवला. क्रास्नोयार्स्कजवळ उभारलेले रडार क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांना मर्यादा घालणाऱ्या कराराचा भंग होता, आणि 1989 मध्ये परराष्ट्रमंत्री शेवर्दनाद्झे यांनी तशी कबुलीही दिली. पण या दोन उदाहरणांतला फरक पाहा. जैविक अस्त्रांच्या करारात तपासणीची तरतूदच नव्हती. तिथे फसवणूक चालून गेली. क्षेपणास्त्रांच्या करारावर उपग्रहांची नजर होती. तिथे रडार सापडले आणि शेवटी पाडावे लागले. फसवणुकीवरचा उपाय म्हणजे करार सोडून देणे नव्हे, कडक तपासणी हा आहे, आणि ती शक्य असते हे 8 डिसेंबर 1987 च्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरील कराराने दाखवले. त्या कराराने 2,692 क्षेपणास्त्रे नष्ट झाली. उराल पर्वताच्या पश्चिमेस वोत्किन्स्क शहरात जिथे ही सोव्हिएत क्षेपणास्त्रे बनत त्या कारखान्याच्या फाटकापाशी अमेरिकी तपासनीसांचा मुक्काम पडला, तो 13 वर्षे हलला नाही. तिथे बनणारे दुसरे, परवानगी असलेले क्षेपणास्त्र बंदी घातलेल्या क्षेपणास्त्राशी बरेच मिळतेजुळते होते. म्हणून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोठ्या वॅगनची लांबी मोजायची आणि संशय राहू नये म्हणून क्ष-किरणांनी आत पाहायचे. तसेच सोव्हिएत तपासनीस अमेरिकेत युटा राज्यातील मॅग्ना इथल्या कारखान्याच्या दाराशी राहिले. बर्फात उभे राहून वॅगनी मोजणाऱ्या या माणसांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. पण 1986 मध्ये सुमारे 70 हजार असलेली जगातील अण्वस्त्रे आज 12 हजारांच्या आसपास आली आहेत, त्यात अशा मोजणीचा वाटा कोणत्याही बॉम्बपेक्षा मोठा आहे. तो करार ऑगस्ट 2019 मध्ये संपला. ‘न्यू स्टार्ट’खालीही 300 हून अधिक प्रत्यक्ष तपासण्या झाल्या, 2020 मध्ये साथीमुळे त्या थांबल्या आणि 2023 मध्ये रशियाने आपला सहभागच स्थगित केला. प्रत्येकी 1,550 तैनात अण्वस्त्रांची मर्यादा हा त्यातला आकडा सर्वांना पाठ आहे. पण मोजायला कोणी जाणार नसेल तर त्या आकड्याची शाश्वती कोण देणार?

युक्रेनचे उत्तरही इथेच आहे. तिथली अण्वस्त्रे डागण्याची कळ मॉस्कोच्या हातात होती. कीव्हपाशी होता तो साठा, वापरण्याजोगा धाक नव्हे. फसले ते बुडापेस्टचे आश्वासन, कारण ते मोडणाऱ्याला काय भोगावे लागेल हे त्यात कुठेच लिहिलेले नव्हते. अर्धवट कराराचे अपयश हे पक्क्या कराराच्या बाजूचे कारण ठरते. आपल्या शेजाराचे उदाहरणही विचार करण्यासारखे आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत आणि पाकिस्तान यांनी 31 डिसेंबर 1988 रोजी केला, आणि 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांच्या याद्या परस्परांना देतात. कारगिल झाले, मुंबईवर हल्ला झाला, तरी ही देवाणघेवाण चालू राहिली. बॉम्ब आहे म्हणून निश्चिंत झोपा असे सांगणाऱ्यांनी या कागदाच्या देवाणघेवाणीकडे कधी लक्ष दिले आहे का?

राहता राहिले दोन आक्षेप. चीनला घेतल्याशिवाय नवा करार कशाला, हा पहिला. 2025 च्या अंदाजांनुसार चीनपाशी सुमारे 600 अण्वस्त्रे आहेत. अमेरिका आणि रशिया यांच्यापाशी प्रत्येकी 5 हजारांहून अधिक. चीनने पहिली चाचणी 1964 मध्ये केली होती, आणि तरी पुढच्या 25-30 वर्षांत या दोघांनी त्याच्यासाठी न थांबता एकामागून एक करार केले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: युक्रेनमध्ये माणसे मरत असताना मॉस्कोशी अण्वस्त्रांवर बोलायचे कसे? यातली तळमळ मला समजते. पण 8 मे 1972 रोजी अमेरिकी अध्यक्ष निक्सन यांनी हायफाँगसह उत्तर व्हिएतनामच्या बंदरांत सुरुंग पेरल्याचे जाहीर केले, तेव्हा त्या बंदरात सोव्हिएत जहाजे ये-जा करत होती. मॉस्कोत काही नेत्यांचा आग्रह होता की निक्सन यांची ठरलेली भेट रद्द करावी. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनी ती रद्द केली नाही. 22 मे रोजी निक्सन मॉस्कोत उतरले आणि 26 मे रोजी क्षेपणास्त्रांची संख्या गोठवणाऱ्या व क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांना मर्यादा घालणाऱ्या दोन्ही करारांवर सह्या झाल्या. व्हिएतनाममधील युद्ध त्यानंतरही चालू राहिले. त्यातला दुसरा करार 30 वर्षे टिकला, 2002 मध्ये अमेरिका आपणहून त्यातून बाहेर पडेपर्यंत. युद्ध संपण्याची वाट पाहायचे ठरले असते तर त्या मे महिन्यात त्यावर सहीच झाली नसती.